कारखान्याची प्रथमोपचार पेटी प्रतिपालक घरात: एक परीक्षण

सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींना हेल्मेट, हातमोजे, अग्निशामक नळकांडी असा सुरक्षेचा माल पुरवणारी दुकाने नाशिकमध्ये बरीच आहेत आणि त्यांपैकी अनेकांकडे भिंतीवर लावायची पोलादी प्रथमोपचार पेटी मिळते. साधारण दीड फूट उंच, फूटभर रुंद, अर्ध्या फुटाहून थोडी कमी खोल, पांढऱ्या पावडर कोटिंगची, आत दोन फळ्या आणि दाराला चावीचे कुलूप असे तिचे स्वरूप असते. आकारमान आणि पत्र्याची जाडी पाहून दीड ते तीन हजार रुपयांपर्यंत किंमत सांगितली जाते. हे परीक्षण त्या पेटीचेच आहे, मात्र कारखान्याच्या दृष्टीने केलेले नाही. बाल कल्याण समितीच्या आदेशाने ज्या घरी एखादे मूल प्रतिपालकत्वासाठी, म्हणजे ज्याला सगळे फॉस्टर केअर म्हणतात त्यासाठी, राहायला येते, त्या घरात औषधे ठेवण्यासाठी ही पेटी कितपत उपयोगी पडते, एवढाच येथे विषय आहे. आमच्या घरी ती उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत वापरून झाली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. त्यामुळे पुढे ज्या औषधांची नावे येतील ती उदाहरणे आहेत. आमच्याकडील मुलाला कोणते औषध चालू आहे किंवा चालू आहे की नाही, याचा अंदाज त्यावरून कोणी बांधू नये.

साध्या घरातील औषधे आणि प्रतिपालक घरातील औषधे यांत फरक काय, असे दुकानदाराने विचारले होते आणि तो प्रश्न रास्त होता. आपल्याकडे औषधे फ्रिजवरच्या टोपलीत, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, देवघराच्या खालच्या खणात आणि आजीच्या बटव्यात असतात. त्या घरात जन्मापासून वाढलेल्या मुलाला कशाला हात लावायचा नाही हे न सांगता ठाऊक झालेले असते. बाहेरून आलेल्या मुलाला ते ठाऊक नसते आणि त्याने आजवर काय पाहिले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. बालगृहात राहिलेल्या मुलाला रांगेत उभे राहून काळजीवाहकाच्या हातून गोळी घेण्याची सवय असेल. एखाद्या मुलीने आजारी आईला आणि धाकट्या भावाला स्वतःच औषधे दिली असतील, त्यामुळे डोकेदुखीची गोळी स्वतःच काढून घेण्यात तिला काहीच वावगे वाटणार नाही. किशोरवयीन मुलाच्या मनात काय चालले आहे हे कळण्याइतकी ओळख होण्याआधीच तो आपल्या घरात राहू लागलेला असतो. म्हणून येथे कुलूप मुलावरील अविश्वासापोटी लावायचे नसून ओळख पुरी झालेली नसते म्हणून लावायचे आहे, आणि मुलालाही ते त्याच शब्दांत सांगावे असे माझे मत आहे.

धोक्याचा विचार करताना आपण मुलाच्या औषधांकडे पाहतो, परंतु खरा धोका बहुधा मोठ्यांच्या औषधांत असतो. मधुमेहासाठीची ग्लिमेपिराइड किंवा रक्तदाबासाठीची अम्लोडिपिन यांसारखी गोळी लहान मुलाच्या पोटात एक-दोनच्या संख्येने गेली तरी जिवावर बेतू शकते. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांना घरोघरी औषध मानलेच जात नाही. शाळेतून आणि अंगणवाडीतून आठवड्याला एक मिळणारी गुलाबी किंवा निळी गोळी दप्तरात, कंपासपेटीत, कुठेही पडून राहते. तीच लोहाची गोळी लहानग्याने मूठभर खाल्ली तर गंभीर विषबाधा होते. यावरून पेटी घेण्याचा पहिला निकष ठरतो, तो असा की तिच्यात मुलाची औषधे मावून भागत नाही, घरातील सगळ्यांची मावली पाहिजेत. चार माणसांच्या घराला मधल्या आकाराची पेटी पुरते. आजी-आजोबा दोघेही असतील तर मोठी घ्यावी. लहान आकाराची पेटी स्वस्त पडते, पण आजीचा डबा बाहेर राहिला की ती घेण्यात अर्थ उरत नाही.

आता पेटीकडे वळू. कारखान्यातील पेटीची कल्पना १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिलेली आहे. एकाच वेळी कामावर असणाऱ्या दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी, तिच्यात ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरे काहीही ठेवायचे नाही आणि ती पेटी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात, असे ते कलम सांगत असे. यातील शेवटच्या दोन अटी घरासाठी जशाच्या तशा उचलाव्यात इतक्या चांगल्या आहेत. आमच्याकडे पेटीत औषधे आणि त्यांच्यासाठीच लागणाऱ्या वस्तू यांशिवाय काही जात नाही. सुटे पैसे, रबर बँड, थर्मामीटरची जुनी बॅटरी, काहीही नाही. प्रत्येक दिवशी पेटीची जबाबदारी एकाच मोठ्या माणसाकडे असते. दोघेही लक्ष ठेवतात असे म्हटले की एक डोस दोनदा दिला जातो किंवा दोघांनाही वाटते की दुसऱ्याने दिला असेल.

मात्र कारखान्यातील पेटी अपघाताच्या वेळी कोणालाही चटकन सापडावी आणि उघडता यावी म्हणून घडवलेली असते आणि आपल्याला नेमके उलटे हवे असते. म्हणून दुकानात गेल्यावर काचेचे दार असलेला नमुना दाखवला जाईल तो घेऊ नये. काच फुटण्याची भीती आहेच, पण त्याहून मोठी अडचण ही की आतील रंगीत बाटल्या दिवसभर नजरेसमोर राहतात. पत्र्याचे सपाट दार असलेला नमुना मागून घ्यावा लागतो. दारावर हिरवी किंवा लाल फुली चिकटवलेली असते. (लाल क्रॉस हे बोधचिन्ह असे सर्रास वापरण्यास आपल्या देशात १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमाने मनाई आहे, तरीही ते बाजारात दिसते, ही आपल्याकडची रीत.) आम्ही ती फुली काढून टाकली. येथे औषधे आहेत, हे ज्यांना कळायला हवे त्यांना ती फुली नसतानाही कळते.

कुलूप हा या पेटीचा सर्वांत कच्चा भाग आहे. बहुतेक पेट्यांना साधे कॅम कुलूप असते, म्हणजे चावी पाव वेढा फिरवली की मागची पट्टी आडवी होते. या कुलपांच्या चाव्यांचे प्रकार मोजकेच असतात. आमच्या पेटीला दिलेली चावी दुकानातील शेजारच्या पेटीलाही लागली आणि नंतर घरातील एका लेखन-टेबलाच्या खणालाही लागली. कारखान्यात याने काही बिघडत नाही. घरात, विशेषतः चौकस किशोरवयीन मूल असलेल्या घरात, असे कुलूप असून नसल्यासारखेच. उपाय सोपा आहे: रविवार कारंजा परिसरातील हार्डवेअरच्या दुकानांत त्याच मापाच्या भोकात बसणारे, अधिक दाते असलेले कुलूप दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि स्क्रू-ड्रायव्हरने ते घरीच बदलता येते. पेटी विकणाऱ्यानेच पन्नास-शंभर रुपये अधिक घेऊन चांगले कुलूप लावून दिले असते तर या परीक्षणात आणखी एक गुण वाढला असता. आकड्यांचे कुलूप लावावे का, असा विचार मनात येतो. माझा त्याला विरोध आहे, कारण आठवड्याभरात आकडे घरातील सगळ्यांना पाठ होतात आणि ते पाठ झाल्याचे आपल्याला कळतही नाही. चावी हरवली तर निदान हरवल्याचे समजते.

कुलूप लावताना एक अपवाद मात्र काटेकोरपणे ठरवावा लागतो. दम्याच्या झटक्यासाठी लागणारा सॅल्ब्युटामॉलचा पंप, फिट आल्यास नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा, अशी तातडीची औषधे कुलपाआड चावी शोधत बसण्यासारखी नसतात. जाणत्या मुलाचा पंप त्याच्याजवळच असावा आणि शाळेतही वर्गशिक्षकांना ठाऊक असावा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मिडाझोलामची गोष्ट निराळी आहे, कारण ते झोप आणणारे औषध आहे आणि मोकळे ठेवता येत नाही. त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा: पेटीची एक चावी त्या दिवशीच्या जबाबदार माणसाच्या गळ्यातील दोरीला आणि दुसरी मुख्य दाराच्या वर, मोठ्या माणसाच्याच हाताला येईल अशा खुंटीला. घरी येणाऱ्या आत्याला किंवा शेजारच्या काकूंना मूल सोपवून जाताना त्या खुंटीची माहिती आणि फिट आल्यावर काय करायचे याची चिठ्ठी आधी हातात दिली जाते, मग चहा.

याच्या दुसऱ्या टोकाला मेथिलफेनिडेटसारखी औषधे आहेत. लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल मुलांना मानसोपचारतज्ज्ञ ती देतात. हे औषध औषध नियमांच्या अनुसूची एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधने असलेल्या औषधांच्या यादीत येते: औषध विक्रेत्याला ते दुकानातही वेगळ्या कपाटात कुलपाखाली ठेवावे लागते, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतील एक प्रत त्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. कायद्याने दुकानदारावर एवढी बंधने घातलेले औषध आपल्या घरी आल्यावर उशीखाली जात असेल तर त्या बंधनांचा उपयोग निम्म्यावर येतो. अशा गोळ्या आम्ही वरच्या फळीवर वेगळ्या लहान डब्यात ठेवण्याची रीत घालून घेतली आहे आणि त्यांची मोजणी दर शनिवारी होते.

पेटीच्या फळ्या हलवता येतात, ही तिची मोठी जमेची बाजू. खालच्या कप्प्यात सिरपच्या बाटल्या उभ्या राहतात, मधल्या फळीवर प्रत्येकाच्या नावाचा उथळ डबा बसतो. याच ठिकाणी औषधांतील सर्वांत नेहमीचा घोटाळा टाळता येतो. तापाचे पॅरासिटामॉल सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळते आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांत तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. मुलाला द्यायचा डोस त्याच्या वजनावरून, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम असा ठरतो. बालगृहातून आलेल्या पिशवीत एक ताकद, आपल्या घरात आधीपासून दुसरी आणि मोजायला स्वयंपाकघरातील चमचा, असा योग जुळून आला तर डोस दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पेटीत एकाच ताकदीची बाटली ठेवावी, दुसरी परत करावी किंवा टाकून द्यावी आणि मोजण्यासाठी मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज बाटलीलाच रबराने बांधून ठेवावी.

याच जातीचा दुसरा घोटाळा नावांचा. मूल जिल्हा शासकीय रुग्णालयात दाखवले जाते, मधूनच खासगी बालरोगतज्ज्ञाकडे नेले जाते आणि पुढच्या महिन्याची औषधे जनऔषधी केंद्रातून येतात. तिन्हीकडच्या पाकिटांवरची नावे निरनिराळी असली तरी आतील घटक एकच असू शकतो. आम्ही डब्यांवर कंपनीचे नाव लिहीत नाही, घटकाचे नाव आणि मिलिग्रॅम लिहितो. औषध विक्रेता कात्रीने पट्टी कापून देतो तेव्हा मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक असलेला तुकडा दुसऱ्याच ग्राहकाकडे जातो, ही आपल्याकडची विशेष अडचण आहे. आम्ही पूर्ण पट्टीच मागतो आणि तसे सांगितले की गोळे कॉलनीतील औषधांच्या घाऊक बाजारापासून गल्लीतल्या दुकानापर्यंत कोणीही नाही म्हणत नाही. गोळ्या पट्टीतून काढून आठवड्याच्या खणांच्या प्लास्टिक डबीत भरून ठेवण्याची पद्धत मोठ्यांना सोयीची असली तरी मुलांच्या औषधांना ती नको. सोडियम व्हॅल्प्रोएटसारख्या फिटवरच्या गोळ्या हवेतील ओल शोषून घेतात आणि घ्यायच्या क्षणापर्यंत त्या मूळ वेष्टनातच राहायला हव्यात.

ओलीचा आणि उष्णतेचा प्रश्न नाशिककरांनी जरा गांभीर्याने घ्यावा. आपल्या हवेचा आपल्याला अभिमान असतो, परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो. भारतीय औषधसंहितेनुसार, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथानुसार, थंड (कूल) जागा म्हणजे ८ ते २५ अंश सेल्सिअस. अनेक औषधांच्या वेष्टनावर मात्र ३० अंशांच्या खाली ठेवा असे लिहिलेले असते. पोलादी पेटी पश्चिमेच्या भिंतीवर लावली तर दुपारी ती बाहेरच्या खोलीपेक्षा गरम होते. आम्ही आत ठेवलेल्या लहान तापमापकावर हे स्वच्छ दिसले आणि पेटी आतल्या खोलीच्या पूर्वेकडील भिंतीवर हलवल्यावर फरकही दिसला. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या दोन जागा तर वर्ज्यच समजाव्यात. पावसाळ्यात पेटीच्या बिजागरींपाशी गंजाची रेघ उमटली. पावडर कोटिंग पत्र्यावर चांगले आहे, बिजागरींवर नाही. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, मात्र त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा मागच्या कोपऱ्यात.

फ्रिजमधील औषधांना ही पेटी काहीच मदत करत नाही, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांतच राहायला हवे. पाणी घालून तयार केलेले अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे सिरप फ्रिजमध्ये सातच दिवस चालते. त्यासाठी झाकणाला लहान कुलूप लागेल असा प्लास्टिकचा डबा वेगळा घ्यावा लागला. तो फ्रिजच्या दारात ठेवू नये, मधल्या कप्प्यात ठेवावा आणि गोठणाऱ्या भागाला टेकू देऊ नये.

पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला कारखान्यासाठी छापलेली यादी चिकटवलेली येते: निर्जंतुक पट्ट्या, कापूस, कात्री आणि असेच काही. ती खरवडून काढल्यावर जी मोकळी जागा मिळाली, तीच माझ्या मते या पेटीची सर्वांत उपयुक्त वस्तू आहे. तेथे आम्ही महिन्याचा तक्ता लावतो. तारीख, औषधाचा घटक, मात्रा, दिल्याची वेळ, देणाऱ्याची सही आणि दिले नसेल तर कारण. प्रतिपालक कुटुंबाला हा तक्ता केवळ शिस्तीसाठी लागत नाही. मूल आपल्याकडे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ खाली बाल कल्याण समितीच्या आदेशाने राहते आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे अधिकारी गृहभेटीला येतात. आपण त्याचे काका-काकू असतो, कायदेशीर पालक नव्हे. त्याच्या औषधांविषयी विचारले गेले तर आठवणीवर भरवसा ठेवून उत्तर देणे योग्य नाही. डॉक्टरांनाही या तक्त्याचा उपयोग होतो, कारण नवे औषध सुरू केल्यापासून झोप वाढली की भूक गेली हे त्यांना तारखांसह पाहता येते. सुटीत मूल आपल्या आजोळी किंवा भावंडांना भेटायला जाते तेव्हा औषधे मोजून मूळ पट्टीसह दिली जातात, चिठ्ठीची छायाप्रत सोबत जाते आणि परत आल्यावर पुन्हा मोजली जातात. सुरुवातीला यात थोडा संकोच वाटतो, समोरच्या नातेवाईकांनाही वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते आपणहून पट्टी समोर धरतात.

दाराच्या त्याच बाजूला दोन दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत: रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७. मुलाने काही गिळल्याचा संशय आला तर उलटी काढायला मीठपाणी पाजू नये, पट्टी किंवा बाटली हातात घेऊन थेट रुग्णालय गाठावे, एवढी सूचना आम्ही खाली मराठीत लिहून ठेवली आहे, कारण मीठपाण्याचा सल्ला देणारे कोणी ना कोणी घरात असतेच.

पेटी भरताना काय बाहेर काढावे लागले, हेही सांगण्यासारखे आहे. मागच्या पावसाळ्यातील खोकल्याच्या अर्ध्या बाटल्या सर्वप्रथम गेल्या. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले आहेत, आणि घरातील जुन्या बाटलीवर तो इशारा असेलच असे नाही. उरलेली प्रतिजैविके गेली. डांबरगोळ्या, कापूर आणि उंदरांचे औषध ही औषधे नसली तरी कुलपाच्या लायकीची आहेत, पण त्यांना या पेटीत जागा नाही, त्यांची सोय वेगळ्या कपाटात करावी. मुदत संपलेली औषधे २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरली होती; म्हणून ती ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत बांधून, तसे सांगून, घंटागाडीवर देतो.

बसवण्याविषयी थोडे. पेटीसोबत स्क्रू येतात ते विटांच्या जुन्या भिंतीत टिकत नाहीत. जाड रावळप्लग वापरावेत आणि खालची कड मोठ्या माणसाच्या छातीच्या वर राहील इतक्या उंचीवर, शेजारी खुर्ची किंवा पलंग नसेल अशा ठिकाणी ती लावावी. भाड्याच्या घरात घरमालक भिंतीला भोके पाडू देत नसेल तर ही पेटी घेऊ नये, कारण नुसती कपाटावर ठेवलेली पेटी कुलपासकट उचलून नेता येते. त्यापेक्षा आहे त्या गोदरेजच्या कपाटातील आतला लॉकर औषधांना द्यावा आणि दागिन्यांची सोय बँकेत करावी. स्वतःची भिंत असेल, कुलूप बदलून घ्यायची तयारी असेल आणि फ्रिजसाठीचा वेगळा डबा घेण्याचा खर्च मान्य असेल, तर औषधांच्या दुकानात मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीबेरंगी प्लास्टिक पेट्यांपेक्षा ही कारखान्याची पेटी मी केव्हाही निवडीन. त्या पेट्यांवर अस्वले आणि फुगे छापलेले असतात आणि खटका अंगठ्याने उघडतो.